आठातला एक कोअर बंद का ठेवला?

मागं ऐकू येतंय न्हवं? बरं. उद्यमनगरात बोलायचं म्हणल्यावर मी स्लाइड्स फार आणल्याच नाहीत, कारण इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी फाउंड्री नाहीतर मशीनशॉप हाय आणि आजचा विषय, म्हणजे गेम खेळायचा कन्सोल बनवताना पैसा कुठं वाचवतात, तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळणार.

पीसी करताना आपण पार्ट निवडतो आणि शेवटी बिल बघून डोक्याला हात लावतो. कन्सोलचं उलटं असतंय, डब्याची किंमत आधी ठरते आणि मग त्यात काय काय कोंबायचं त्यावर भांडणं.

आता मेन चिप घ्या. 300 मिलिमीटरच्या गोल तबकडीवर एकदम पुष्कळ चिपा बनतात, मग कापायच्या. आपल्या कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत हवेचं भोक, निघालं तर पीस फोडून परत भट्टीत घालतो, धातू तरी हाताला लागतो, पण चिपेत दोष निघाला की ती गेलीच, आणि चिप जेवढी मोठी तेवढा दोष सापडायचा चान्स जास्त, म्हणजे रिजेक्शन वाढलं आणि पास झालेल्या चिपेवर फेल झालेल्यांचा खर्च चढला. मग कन्सोलवाल्यांनी काय केलं? 2006 च्या सोनीच्या प्लेस्टेशन 3 मधल्या सेल नावाच्या मेन चिपेवर छोटे कोअर, म्हणजे हिशोब करणारे भाग, 8 होते, चालू ठेवले 7. एक मेलेला निघाला तरी चिप पास! आणि ज्याचे आठही ठणठणीत त्याचाही एक बंदच, कारण गिऱ्हाईकाला मशीन सारखंच मिळायला पाहिजे. प्लेस्टेशन 5 च्या ग्राफिक्समध्ये पण तेच, चित्र काढणारे 40 युनिट छापलेत, चालतात 36. मला विचाराल तर सगळ्या डिझाइनमधली ही सगळ्यात शहाणी गोष्ट. तरी प्लेस्टेशन 3 तोट्यातच विकावा लागला बरं का, ब्लू-रे डिस्क वाचायचा ड्राइव्ह पण आत होता, 60 जीबीवालं मॉडेल 599 डॉलरला.

मेमरीत तर मजाच झाली. 2013 ला सोनीच्या प्लेस्टेशन 4 (पीएस4) आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन, दोघांत 8 जीबीच दिली, पण सोनीनं फास्ट जीडीडीआर5 लावली आणि मायक्रोसॉफ्टनं साधी डीडीआर3. तिचा स्पीड कमी म्हणून एक्सबॉक्स वनच्या चिपेतच 32 एमबी ईएसरॅम, म्हणजे छोटी फास्ट मेमरी, घातली, तिनं जागा खाल्ली, मग ग्राफिक्सला जागा कुठली राहणार? पीएस4 ला ग्राफिक्सचे 18 युनिट, ह्याला 12. वर किनेक्ट, म्हणजे अंगाची हालचाल ओळखणारा कॅमेरा, डब्यातच, म्हणून 499 डॉलर, आणि समोर पीएस4 399 ला. म्हणजे कमी ताकदीचं मशीन महाग!

गरम होण्याचं थोडक्यात सांगतो. मायक्रोसॉफ्टच्याच आधीच्या एक्सबॉक्स 360 ची मशीनं एवढी बंद पडली की 2007 मध्ये वॉरंटी 3 वर्षं करायला लागली आणि त्यापायी 1 अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढायला लागली.

काय म्हणला? थांबलं तर स्वस्त होईल काय? पूर्वी व्हायचं, चिप बारीक झाली की किंमत उतरायची. प्लेस्टेशन 5 आपल्याकडं फेब्रुवारी 2021 ला आला तेव्हा 49,990 रुपये होता, 2022 संपता संपता 54,990. मी पण उतरेल म्हणून थांबलो होतो, घरात तो विषय अजून निघतो.