खोल्यांचा आकडा एकाच जागी ठेवा

तारकर्ली, देवबाग, वायरी, सगळीकडचे होमस्टेवाले आज आलेत, तर मी थेट खोल्यांवरच येतो. समजा तुमच्याकडे चार खोल्या आहेत. दोन एका बुकिंग साइटला दिल्या, एक दुसरीला, आणि एक वहीत ठेवली फोनवाल्यांसाठी. मे महिन्यातल्या शनिवारी पहिल्या साइटच्या दोन्ही जातात, तिथे तुम्ही फुल्ल दिसता आणि दुसऱ्या साइटवरची खोली रिकामीच राहते. मग वैतागून आपण चारही खोल्या दोन्हीकडे टाकतो, आणि एकाच खोलीसाठी पुण्याची फॅमिली आणि कोल्हापूरची फॅमिली बॅगा घेऊन अंगणात उभी.

विमानकंपन्या याच घोळातून गेल्यात. 1950 च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सकडे फ्लाइटची कार्डं गोल फिरणाऱ्या रॅकमध्ये असायची, भोवती माणसं बसलेली, सीट विकली की कार्डावर खूण. आता एका रॅकभोवती बसून बसणार किती जण? मग आयबीएमला सोबत घेऊन त्यांनी सेबर नावाची सिस्टिम उभी केली, 1964 पर्यंत कंपनीचं सगळं बुकिंग तिच्यावर आलं. सीटचा आकडा एकाच जागी राहिला, विकणारा कुठेही बसलेला असो, तो त्याच आकड्यातून वजा करणार. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात मोठं काम तेच. 1976 पासून ही टर्मिनल्स ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर गेली, आणि 1987 ला एअर फ्रान्स, लुफ्थान्सा, आयबेरिया आणि एसएएस या विमानकंपन्यांनी मिळून अमाडिअस ही तशीच सिस्टिम काढली.

अमाडिअसच्या स्क्रीनवर एजंट आजही एएन, म्हणजे फ्लाइट्स दाखव ही कमांड, मग तारीख, मग मुंबईचा कोड बीओएम, मग जीओआय असं टाइप करतो आणि मुंबई-गोवा फ्लाइट्स समोर येतात. आता जीओआय म्हणजे दाबोळी, गोव्याचा जुना विमानतळ. मोपा हा नवा विमानतळ, त्याचा कोड जीओएक्स, तिथली विमानं जानेवारी 2023 पासून सुरू झाली, आणि सावंतवाडी-मालवणकडे यायला मोपा कितीतरी सोयीचं. गोवा म्हणून सवयीने दाबोळीचं तिकीट काढलं की पाहुण्याचं टॅक्सीचं भाडं उगाच वाढतं, म्हणून तुमच्या लिस्टिंगमध्ये जवळच्या विमानतळाचं नाव कोडसकट लिहा, आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचा एसडीडब्ल्यूपण लिहा.

आता जरा महत्त्वाचं. सेबर एका एअरलाइनच्या मालकीचं होतं, त्यामुळे स्क्रीनवर तिच्याच फ्लाइट्स वर यायच्या, आणि एजंट बहुतेक वेळा पहिल्या पानावरूनच बुक करतो. बाकीच्या कंपन्यांनी आरडाओरडा केला आणि 1984 ला अमेरिकेच्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने नियम करून हे असं वर-खाली लावणं बंद करायला लावलं. आपल्याकडे ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटींच्या दंडाचा आदेश दिला, त्यात एक मुद्दा असा होता की हॉटेलने दुसरीकडे कमी दर लावायचा नाही ही अट काढा. म्हणजे बघा, ज्याच्या हातात स्क्रीन, त्याचा जोर धंद्यावर चालतोच. त्या साइट्स सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये, नागपूरचा माणूस तुम्हाला शोधणार कुठे? पण खोल्यांचा मूळ आकडा त्यांच्याकडे ठेवू नका, तो तुमच्याकडेच पाहिजे.

त्यासाठी चॅनल मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर असतं. चारही खोल्या एकदाच त्यात टाकायच्या, तो सगळ्या साइट्सना चारच दाखवणार. रात्री अकराला एका साइटवरून बुकिंग आलं की तो मेसेज आधी चॅनल मॅनेजरकडे जातो, चारचे तीन होतात, आणि ते तीन बाकी सगळीकडे पाठवले जातात. यात काही सेकंद जातात, कधी काही मिनिटंही, आणि शेवटची खोली असली तर तेवढ्यात दुसरं कोणी बुक करू शकतं, म्हणून मे आणि डिसेंबरअखेर शेवटची खोली साइट्सवर ठेवूच नका, ती फोनवर द्या.

एकजण मघाशी विचारत होते, आमच्याकडे वादळवारं आलं की नेट जातं, मग काय? तुमच्या घरचं नेट गेलं तरी साइट आणि चॅनल मॅनेजर यांचं आपसातलं चालूच असतं, ते सर्व्हरवर आहे. अडतं ते तुमच्याकडून. त्या वेळात कोणी दारात आला आणि तुम्ही खोली दिली, तर ती विकली गेली हे सिस्टिमला कळतच नाही. त्यामुळे नेट नसताना खोली देण्याआधी मुंबईतल्या मुलाला किंवा भाच्याला फोन लावा, त्याच्या मोबाइलवर लॉगिन देऊन ठेवा, त्याने तिथून एक खोली कमी केली की मगच पाहुण्याला चावी. फोनलाही रेंज नसेल तर चावी द्या, पण रेंज आल्या आल्या पहिलं काम तेच.

दराचंही बोलतो पटकन. आपण जेवणासकट माणशी दर सांगतो, साइट्सवर दर खोलीचा असतो, त्यामुळे नाश्त्यासह आणि दोन्ही वेळच्या जेवणासह असे दोन वेगळे रेट प्लॅन करा, नाहीतर पाहुणा सुरमईचं ताट दरात धरलेलंय असं समजूनच येतो आणि निघताना वाद घालतो.

आणि गणपती. घरचे चाकरमानी येणार, सगळ्या खोल्या त्यांनाच लागणार, हे तुम्हाला आत्ताच माहीत आहे. त्या तारखांना सगळीकडे स्टॉप सेल, म्हणजे विक्री बंद, लावायचा. मोबाइल काढा, चतुर्थीची तारीख उघडा, आपण आत्ता इथेच एकदा करून बघू.