समाजभवनात सिनेमा दाखवायचा? आधी आवाजाचं बघा

[कॅमेऱ्यासमोर. मागे पांढरा पडदा, टेबलावर मिक्सर आणि दोन वायरी.]

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एखाद्या वस्तीत, किंवा काटोल, उमरेड, रामटेकसारख्या गावात दहा-बारा जण मिळून फिल्म सोसायटी सुरू करतात, तेव्हा पहिल्या सगळ्या बैठका एकाच विषयावर रंगतात: कोणते सिनेमे दाखवायचे? यादी करणं आनंदाचं काम आहे, मनापासून करा. पण तिसऱ्या शोला खुर्च्या रिकाम्या दिसायला लागतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा यादीचा नसतो. लोकांना संवाद ऐकूच आलेले नसतात. म्हणून आज सुरुवात आवाजापासून.

आपल्याकडचं समाजभवन डोळ्यांसमोर आणा. खाली गुळगुळीत टाइल, बाजूला उघड्या भिंती, वर स्लॅब. मध्यभागी उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळी संपल्यावरही आवाज घुमत राहिला, तर संवादातलं प्रत्येक अक्षर पुढच्या अक्षरावर सांडणार. अशा वेळी आवाज वाढवला की घुमणंही वाढतं. उपाय मंडप डेकोरेशनवाल्याकडे आहे: जाड कापडी कनात. ती मागच्या भिंतीवर, भिंतीपासून वीतभर पुढे, चुण्या पाडून टांगा. जमिनीवर सतरंज्या टाका. स्पीकर दोन घ्या, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा वर, आणि तोंड भिंतीकडे नाही, शेवटच्या रांगेकडे. मिरवणुकीचा भोंगा आणू नका. त्यात माणसाचा आवाज पत्र्यासारखा येतो.

आता कूलर. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा कूलरशिवाय लोक बसणार नाहीत हे खरं. पण कूलर पूर्ण वेगात सुरू असेल तर हळू बोललेलं वाक्य ऐकू येणार नाही, हेही तितकंच खरं. मधला मार्ग असा: शोच्या दीड तास आधी कूलर फुल करा, समोरच्या खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. सिनेमा सुरू होताना वेग सगळ्यात कमी करा. खिडक्या उघड्या म्हणजे उजेड आत येणार, म्हणून मे महिन्यात शो साडेसातच्या आधी ठेवू नका. सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही उजेड बराच वेळ रेंगाळतो. डिसेंबरात साडेपाचलाच मावळतो, तेव्हा साडेसहाचा शो आरामात होतो.

[दोन्ही वायरी हातात घेऊन जवळून दाखवायच्या.]

हे नीट बघा. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून साडेतीन मिलिमीटरची वायर निघते आणि साउंडवाला तिला सरळ मिक्सरच्या माइकच्या इनपुटमध्ये लावतो. गाण्यातली वाद्यं वाजतात, पावसाचा आवाज येतो, आणि पात्रं मात्र तोंड हलवतात, आवाज गायब! लोकांना वाटतं फाइल खराब आहे. फाइल चांगली असते. माइकचं इनपुट बॅलन्स्ड असतं, म्हणजे ते दोन तारांमधला फरक तेवढा ऐकतं. आपल्या वायरीत एका तारेवर डावा आवाज असतो, दुसरीवर उजवा. संवाद दोन्हीकडे सारखेच असतात. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य उरतं. म्हणून ही दुसरी वायर घ्या: एका टोकाला स्टिरीओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन वेगळे मोनो जॅक. मिक्सरचे दोन चॅनल वापरा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, अशी वायर कुणीही बनवून देईल. डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉपचा आवाज माइकच्या इनपुटला जुळवून देणारी छोटी डबी, मिळाला तर त्याहून उत्तम, कारण ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स चार्जरची घूं-घूंही थांबवतो. ती घूं-घूं थांबवायला अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, जिवावर बेतेल. आधी लॅपटॉप आणि अँप्लिफायर एकाच बोर्डवर लावून बघा.

संवाद बारीक आणि मारामारी कानठळ्या बसवणारी, असं होत असेल तर फाइलचा ट्रॅक 5.1 चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठी वेगवेगळा आवाज असलेला, असण्याची शक्यता असते. त्यात संवाद मधल्या चॅनलवर असतात. प्लेअरमध्ये आउटपुट स्टिरीओ करा, किंवा स्टिरीओ ट्रॅक असेल तर तोच निवडा.

चित्राचं गणित सोपं आहे. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो दिलेला असतो, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतरावर प्रोजेक्टर ठेवायचा. तो 1.5 असेल आणि पडदा 10 फूट रुंद असेल, तर प्रोजेक्टर 15 फुटांवर. अंधार पक्का असेल तर एवढ्या पडद्याला 3000 ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात. झरोके उघडे असतील तर 5000 ही फिके पडतात. झरोके काळ्या कापडानं बंद करा, पैसे तिथे खर्च करा. पडद्याची खालची कड खुर्च्यांसाठी जमिनीपासून 4 फूट हवी, नाहीतर सबटायटल पुढच्याच्या डोक्यामागे जातं. आणि प्रोजेक्टर ठेवण्याआधी वर बघा: त्याचा झोत छताच्या पंख्याच्या पात्यांतून जात असेल तर चित्र दोन तास लुकलुकत राहील. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, दोन्ही बाजूंना काळं राहतं. ते तसंच राहू द्या. ताणून पडदा भरला की चेहरे फुगतात, आणि ज्या माणसानं ती चौकट विचार करून बांधली, त्याच्यावर तो अन्याय आहे.

सबटायटल मागे-पुढे होत असतील तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी ती 50 मिलिसेकंदांनी सरकतात. पण सुरुवातीला बरोबर आणि नंतर हळूहळू फरक वाढत गेला, तर कळा दाबून भागणार नाही. तिथे फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, वेगळा आहे: सिनेमा 23.976 चा, सबटायटल 25 चं. दोन तासांच्या शेवटी जवळजवळ पाच मिनिटांचा फरक पडतो. म्हणून चाचणी घेताना पहिली पाच मिनिटं बघून उठू नका, शेवटची दहाही बघा. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर सबटायटलची फाइल यूटीएफ-8 या अक्षरांच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा आणि प्लेअरला देवनागरी फॉन्ट द्या.

परवानगीबद्दल स्पष्ट बोलतो. ओटीटीचं सदस्यत्व घरी बघण्यासाठी असतं, समाजभवनासाठी नाही. "आम्ही तिकीट लावत नाही" हे उत्तर पुरत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये हौशी मंडळांना विनामूल्य प्रयोगासाठी सूट आहे, पण ती साहित्य, नाटक आणि संगीताच्या सादरीकरणाला. चित्रपटाचं नाव त्यात नाही. म्हणून निर्मात्याला किंवा वितरकाला लिहा: तारीख, जागा, किती प्रेक्षक, तिकीट नाही. लहान आणि स्वतंत्र निर्माते अनेकदा आनंदानं होकार देतात. होकार लेखी घ्या. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1964 सालच्या सिनेमाचा 31 डिसेंबर 2024 ला संपला. नव्यानं केलेल्या सबटायटलवर मात्र वेगळा हक्क असू शकतो, तेवढं तपासा. सोसायटी टिकवायची असेल तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांनी नोंदणी करा आणि फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न व्हा. 1959 साली स्थापन झालेल्या या फेडरेशनचे पहिले अध्यक्ष सत्यजित राय होते. दारावर तिकीट विकण्यापेक्षा वार्षिक वर्गणी बरी: हिशोब सोपा, आणि सभासद आपले म्हणून येतात.

मोकळ्या मैदानात शो असेल तर लाउडस्पीकरची परवानगी लागते आणि रात्री 10 ला आवाज बंद. म्हणजे साडेसातला सुरू झालेला सिनेमा अडीच तासांच्या आतला निवडा.

वीज गेली तर? प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि छोटा अँप्लिफायर मिळून साधारण 600 वॉट धरा. घरगुती इन्व्हर्टर आणि 150 एएचची चांगली बॅटरी एवढा भार दीड-दोन तास ओढते. इन्व्हर्टरमागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. नाहीतर वीज जाता-येता प्रोजेक्टर बंद पडतो, आणि दिव्याचा प्रोजेक्टर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. तेवढी पाच मिनिटं अंधारात फार लांब वाटतात.

सिनेमा संपला की श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या, मग मागचा एकच दिवा लावा. बोलायला थांबणाऱ्यांना पुढे बोलवा. तोवर एकानं मशिनकडे बघायचं: आधी अँप्लिफायर बंद, मग वायरी. प्रोजेक्टर रिमोटनं बंद करा आणि त्याचा पंखा आपणहून थांबेपर्यंत प्लगला हात लावू नका.