टाकी धुऊ नका, पाणी बदला

[दृश्य: बैठकीच्या खोलीतली काचेची टाकी. दुधाळ पाणी, त्यात चार गोल्डफिश.]

टाकी घरात येऊन आठवडाही झालेला नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण 56 लिटर पाणी. आणली त्या दिवशी काचेतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. आज त्या पाण्यात कुणी वाटीभर दूध ओतलंय असं वाटतं.

अशा वेळी घरोघरी एकच गोष्ट होते. मासे बादलीत काढायचे, टाकी मोरीत न्यायची, रेती चोळून चोळून धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून काळं पाणी जाईपर्यंत पिळायचा आणि सगळं नव्याने भरायचं. संध्याकाळी टाकी लखलखीत. चार दिवसांत पाणी पुन्हा पांढरं, आणि या खेपेला एक मासा तळाशी आडवा. मग दुकानदाराने रोगट मासे दिले म्हणून बोल लावला जातो. मासे बहुतेक वेळा धडधाकट असतात. त्यांना भोवते ती ही धुलाई.

दुधाळ पाणी दिसायला वाईट, पण तेवढं घातक नाही. उरलेल्या खाद्यावर आणि विष्ठेवर पोसणारे जिवाणू एकदम वाढले की पाणी पांढुरकं होतं. खाद्य आवरतं घेतलं की काही दिवसांत ते आपोआप निवळतं. खरं विष डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. तळ्यात, नदीत तो विरून जातो. या काचेच्या चार भिंतींत तो जाणार कुठे?

त्याची विल्हेवाट लावणारे जिवाणू वेगळे. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने सौम्य; पाणी बदललं की कमी होतं. नायट्राइटचं नायट्रेट करण्याचं काम नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू करतात असं बरीच वर्षं समजलं जायचं. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात असं दिसलं, आणि 2015 मध्ये त्यांतले काही तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात हेही कळलं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की हे जिवाणू मुख्यतः पाण्यात राहत नाहीत. ते स्पंजला, रेतीला, काचेला चिकटून असतात आणि फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज पिळताना काळ्या पाण्याबरोबर मोरीत जातात ते हेच. उरलेल्यांना नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारतं.

[दृश्य: टेस्ट किटची काचनळी, अगदी जवळून.]

म्हणून टाकीला हात लावण्याआधी पाणी तपासा. थेंबांचं किट घ्या. नळीत टाकीचं पाणी, त्यात किटवर सांगितलेले थेंब, आणि काही मिनिटं थांबायचं. अमोनियाच्या बहुतेक किटमध्ये रंग पिवळा राहिला तर अमोनिया नाही. कडेने हिरवट झाक चढू लागली की समजा, मासे त्रासात आहेत. त्याच बैठकीत पीएचही, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं मापही बघा, कारण अमोनियाचं विषारीपण त्यावर ठरतं. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही घातक रूपात नसतो. पीएच 8 झाला की हा वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. बोअरच्या जड पाण्याचा पीएच बहुधा जास्त असतो; त्यावर टाकी चालवणाऱ्यांनी म्हणूनच जास्त जपायला हवं. किटवरचा आकडा तोच, पण त्यांच्या माशांना धोका कितीतरी अधिक.

[दृश्य: गोल्डफिश पृष्ठभागाशी. तोंड उघडझाप, कल्ले भराभर हलताहेत.]

एअर पंप चालू आहे, बुडबुडे येताहेत, तरी मासा वर येऊन धापा टाकतोय. अशा वेळी नायट्राइट तपासा. ते रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. साध्या मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांपाशीच अडवतो. गोल्डफिशच्या टाकीत दहा लिटरला चहाचा एक सपाट चमचा मीठ, तेही आधी विरघळवून, पुरतं.

पण मुख्य उपाय पाणी बदलण्याचा. रोज एक तृतीयांश पाणी काढा, तळाचा गाळ नळीने ओढून घ्या, तेवढंच नवं पाणी भरा. दोन दिवस खाद्य बंद. गोल्डफिश उपाशी मरत नाही. स्पंज फारच तुंबला असेल तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने दाबा. आवाज होतो म्हणून रात्री फिल्टर बंद करायची सवय अनेक घरांत आहे. ती सोडा. त्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिथल्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. बाटलीतल्या औषधांपेक्षा माझा त्या तुकड्यावर जास्त भरवसा आहे.

नव्या पाण्याचंही बघायला हवं. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं, तेव्हा क्लोरीनचा डोसही वाढू शकतो. गावात ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असेल, तर त्या दिवशी पाणी भरूच नका. एरवी बादलीत दिवसभर उघडं ठेवा, किंवा दुकानात हायपो नावाने मिळणारं सोडियम थायोसल्फेट वापरा. आरओचं पाणी एकटं नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच केव्हाही घसरतो.

[दृश्य: जुनी टाकी. काचेवर पांढऱ्या क्षारांची रेघ.]

महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीची गोष्ट उलटी. तिथला पीएच हळूहळू उतरलेला असतो, जिवाणू मंदावलेले असतात आणि साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. अशा टाकीचं निम्मं पाणी एकदम बदललं की पीएच वर उसळतो, तोच अमोनिया विषारी होतो आणि मासे तासाभरात लोळू लागतात. तिथे रोज एक दशांशच पाणी बदला, दोनेक आठवडे, आणि प्रत्येक वेळी पीएच मोजून मगच पुढची बादली ओता.