अलेक्सेई नेमोवने हात वर केला तेव्हा

(थेट कॅमेऱ्याकडे)

२३ ऑगस्ट २००४. अथेन्स ऑलिम्पिक, जिम्नॅस्टिक्समधल्या पुरुषांच्या हॉरिझॉन्टल बारची, म्हणजे आडव्या दांडीवरच्या कसरतींची, फायनल. अमेरिकेचा पॉल हॅम बारपाशी उभा आहे. हाताला पांढरी पूड लावून झाली, पट्टे आवळून झाले, पाळी त्याचीच आहे. पण त्याला सुरुवातच करता येत नाहीये. अख्खं स्टेडियम उभं राहून ओरडतंय, शिट्ट्या मारतंय, अंगठे खाली करून दाखवतंय. एक मिनिट जातं, दोन जातात, आवाज काही कमी होत नाही.

राग हॅमवर नव्हता, परीक्षकांवर होता. हॅमच्या आधी जो माणूस बारवरून उतरला, त्याला मिळालेले गुण लोकांना पटले नव्हते. तो माणूस म्हणजे रशियाचा अलेक्सेई नेमोव.

नमस्कार मंडळी. आज नेमोवबद्दल बोलायचंय. अगदी मनापासून सांगते, जिम्नॅस्टिक्समध्ये मला सगळ्यात जवळचा वाटणारा खेळाडू हाच. हॅमला थोडा वेळ तिथेच उभं ठेवूया, त्याच्याकडे परत येऊ.

नेमोवचा जन्म १९७६ चा, रशियाच्या मोर्दोव्हियातल्या बाराशेवो गावातला. वाढला मात्र तोल्यातीत. व्होल्गाकाठचं हे शहर म्हणजे लाडा गाड्यांच्या कारखान्याचं शहर. तो जिम्नॅस्टिक्समध्ये तयार होत होता तेव्हा देश होता सोव्हिएत संघ, आणि तो ऑलिम्पिकला पोचेपर्यंत तो देशच उरला नव्हता. १९९२ ला बार्सिलोनात माजी सोव्हिएत खेळाडू एकत्रित संघ म्हणून उतरले होते. १९९६ ला अटलांटात, सोव्हिएत संघ फुटल्यानंतरच्या उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये, रशिया पहिल्यांदा स्वतःच्या नावाने आला आणि पहिल्याच फटक्यात सांघिक सुवर्ण घेऊन गेला. त्या संघात २० वर्षांचा नेमोव होता.

अटलांटातून तो ६ पदकं घेऊन परतला. सांघिक सुवर्ण, व्हॉल्टचं म्हणजे धावत येऊन घेतलेल्या उडीचं सुवर्ण, तीन कांस्य, आणि वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेत रौप्य. सर्वसाधारण म्हणजे ऑल-अराउंड, सहाही साधनांवरचे गुण एकत्र. तिथे चीनचा ली शियाओश्वांग ५८.४२३, नेमोव ५८.३७४. फरक ०.०४९ चा. सहा साधनं, अख्ख्या दिवसाचा घाम, आणि हातातून निसटतं ते एवढंसं.

पुढच्या चार वर्षांत त्याने फ्लोअरचं, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचं, जागतिक विजेतेपद दोनदा घेतलं, १९९७ ला लोझानमध्ये आणि १९९९ ला तियानजिनमध्ये. मग सिडनी २०००. तिथे ऑल-अराउंडचं सुवर्ण अखेर त्याच्या गळ्यात आलं, चीनच्या यांग वेईला मागे टाकून. शिवाय हॉरिझॉन्टल बारचं सुवर्ण. आणि पदकं परत ६! दोन ऑलिम्पिक, १२ पदकं.

सिडनीच्या बारबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. नेमोवला ९.७८७ मिळाले आणि फ्रान्सच्या बेंजामिन व्हारोनियनलाही ९.७८७. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण नेमोवचं ठरलं. त्या दिवशी आकडे त्याच्या बाजूने होते.

(पडद्यावर: हॉरिझॉन्टल बारचं चित्र)

आता बारकडे या. पोलादी दांडी, जाडी २८ मिलिमीटर, म्हणजे साधारण अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त. जमिनीपासून उंची २.८ मीटर. आपल्या घराचं छत असतं ना, जवळपास तेवढी. दांडी ताठ नसते, वाकते. खेळाडू जोरात झोका घेतो तेव्हा ती धनुष्यासारखी ताणली जाते आणि परत फेकते. त्या फेकण्यावरच सगळा खेळ आहे.

या साधनावरचा सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे बार सोडणं. हात सुटतात, शरीर हवेत, आणि परत तीच दांडी पकडायची. यातली एक प्रसिद्ध झेप सोव्हिएत जिम्नॅस्ट अलेक्झांडर तकाचेवच्या नावाने ओळखली जाते. झोका वर चढत असतानाच खेळाडू हात सोडतो, शरीराचं फिरणं उलटवतो आणि पाठ पुढे करून बारवरून पलीकडे जातो. तोंड मात्र बारकडेच. पलीकडे पोचल्यावर खाली पडता पडता दांडी परत पकडायची. हात थोडा लवकर सुटला तर छाती बारवर, थोडा उशिरा सुटला तर दांडी हाताला लागतच नाही.

अथेन्सला नेमोव २८ वर्षांचा होता, या खेळात हे वय उतरतीचं. इतर साधनांवर आणि संघासोबत त्याच्या हाती काही लागलं नव्हतं. शेवटचं ऑलिम्पिक, शेवटची फायनल. आणि त्याने काय आणलं? एका कसरतीत बार सोडण्याच्या ६ झेपा. त्यातल्या ४ सलग, तीन तकाचेवचे प्रकार आणि लगेच एक गिंगर. गिंगर म्हणजे हवेत मागे कोलांटी, त्यातच अर्धं वळण, आणि परत पकड. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. सोडला, पकडला, सोडला, पकडला. मी ही क्लिप इतक्या वेळा पाहिलीय, तरी तिसऱ्या झेपेला माझे हात आपोआप मुठीत आवळतात.

मग तो उतरला, आणि उतरताना पाय हलला. एक मोठं पाऊल पुढे पडलं. कसरतीतली ठळक चूक एवढीच.

फलकावर आले ९.७२५. त्या क्षणी तिसरा क्रमांक, आणि अजून खेळाडू बाकी होते. म्हणजे पदक जाणार, हे प्रेक्षकांना तिथल्या तिथे कळलं.

इथे गुण कसे द्यायचे ते थोडं समजून घेऊ, कारण खरी गोम तिथेच आहे. तेव्हा कमाल गुण १०. कसरत पुरेशी अवघड असेल तर सुरुवातीचं मूल्य १० धरायचं आणि चुकांचे गुण कापत जायचं. सहा परीक्षक, त्यातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा बाजूला, उरलेल्या चारांची सरासरी. वाचायला चोख वाटतं. पण बघा, ज्याने बार दोनदा सोडला आणि ज्याने सहा वेळा सोडला, दोघंही १० पर्यंत पोचले की पुढे दोघं सारखेच. जास्तीच्या झेपांना त्या तक्त्यात जागाच नाही. उलट प्रत्येक जास्तीची झेप म्हणजे चुकायची आणखी एक संधी. प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसत होतं की हे काहीतरी वेगळं घडलंय, आणि फलक सांगत होता की विशेष काही नाही.

त्यात हवा आधीच तापलेली होती. काही दिवसांपूर्वीच्या ऑल-अराउंडमध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या पॅरलल बार्सचं सुरुवातीचं मूल्य १० ऐवजी ९.९ धरलं गेलं होतं. ही चूक आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघानेच मान्य केली आणि तीन परीक्षकांना निलंबित केलं. ते सुवर्ण गेलं होतं पॉल हॅमला. हॅमचा यात काहीच दोष नव्हता, पण परीक्षकांवरचा लोकांचा विश्वास उडाला होता.

तर आरडाओरडा चालूच राहिला. शेवटी परीक्षकांशी बोलणं झालं, दोघांनी आपले आकडे बदलले आणि फलकावर नवा आकडा आला, ९.७६२. वाढ ०.०३७ ची. चार परीक्षकांच्या बेरजेत अवघे ०.१५. क्रमांकात काही फरक पडला नाही.

मला विचाराल तर पहिले गुण कमी होते, यात मला शंका नाही. पण गर्दीच्या ओरडण्याने आकडा बदलणं हे त्याहून वाईट झालं. आकडा बरोबर होता तर बदलला का, आणि चुकीचा होता तर लोक ओरडेपर्यंत थांबलात का? उत्तर कुठलंही द्या, परीक्षकच उघडे पडतात.

महासंघाने २००६ पासून कमाल १० ची पद्धतच बंद केली. आता अवघडपणाचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. अवघडपणाला वरची मर्यादा नाही, अवघड झेपेला जास्त गुण, झेपेला झेप जोडली तर त्याचेही गुण. १० हा आकडा गेल्याचं पुष्कळांना वाईट वाटलं आणि मी ते समजू शकते, तो आकडा सगळ्या जगाला कळायचा. पण ती अथेन्सची कसरत डोळ्यांसमोर आणली की मला नवी पद्धतच न्यायाची वाटते. बदलाला कारणं बरीच होती, अथेन्सच्या त्या दोन्ही रात्री त्यातल्या मोठ्या.

(थोडं थांबून)

आता हॅमकडे परत येऊ. नवा आकडा लागल्यावरही लोक थांबायला तयार नव्हते. हॅम अजून तसाच उभा. इतका वेळ उभं राहून अंग थंड पडतं, हातातली पूड ओली होते, आणि थोड्या वेळात याच हातांनी बार सोडून परत पकडायचा असतो. ही धाकधूक त्या हॉलमध्ये दुसऱ्या जिम्नॅस्टइतकी कुणाला कळणार?

नेमोव आपल्या जागेवरून उठला आणि चौथऱ्यावर चढला. लोकांना वाटलं, आता हाही आपल्यासोबत निषेध करणार. त्याने हात वर करून त्यांचे आभार मानले. मग तळवे खाली करून खूण केली, बसा, शांत व्हा, याला खेळू द्या.

जे परीक्षकांना इतका वेळ जमलं नव्हतं, ते त्या खुणेने झालं. हॉल हळूहळू बसला.

हॅमला त्या रात्री ९.८१२ मिळाले. इटलीच्या इगोर कासिनालाही ९.८१२. बरोबरीच्या नियमाने सुवर्ण कासिनाचं, रौप्य हॅमचं. कांस्य जपानच्या इसाओ योनेदाला, ९.७८७ वर. सिडनीत याच आकड्यावर नेमोवने सुवर्ण घेतलं होतं. अथेन्समध्ये तो पाचवा आला. त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये तो पुन्हा उतरला नाही.

क्लिप शोधून बघा, पण शेवटच्या झेपेनंतर बंद करू नका. चौथऱ्यावरून तो खाली उतरतो तिथपर्यंत बघा. त्याच्या मागे पॉल हॅम बारकडे चालू लागलेला असतो.