हा तो नाही, हा त्याचा भाऊ

(पार्ल्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "सध्या काय चाललंय?" मागे एकदा मी सांगितलं, एका ॲनिमेशनपटाचा दुसरा भाग करतोय. काका खूश झाले. "वा, म्हणजे आराम! चित्रं काढलेलीच आहेत, फक्त गोष्ट बदलायची." तेवढ्यात चौथा मजला आला आणि ते उतरून गेले. आजचं भाषण म्हणजे त्या काकांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर समजा.

तसा काकांचा काही दोष नाही. पैसे लावणारी मंडळीही नेमका हाच हिशेब मांडतात. डिस्नेनं १९९४ मध्ये ‘अलादीन’चा पुढचा भाग थिएटरला न लावता थेट व्हिडिओ कॅसेटवर काढला. कॅसेटी धडाधड खपल्या आणि मग तो एक धंदाच होऊन बसला. पहिला भाग पडद्यावर, पुढचे घरच्या टीव्हीवर, कमी खर्चात. ‘टॉय स्टोरी २’ची सुरुवातही अशीच झाली. पहिला ‘टॉय स्टोरी’ १९९५चा, पूर्णपणे कॉम्प्युटरवर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याचा दुसरा भाग व्हिडिओसाठी करायचा असं ठरलं. तो बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओची पहिली फळी तेव्हा किड्यामुंग्यांच्या चित्रपटात अडकली होती, म्हणून हे काम बरंचसं नव्या लोकांकडे गेलं. पुढे १९९८ मध्ये ठरलं की नाही, हा थिएटरलाच लावू.

त्याच वर्षी तो प्रसिद्ध अपघात झाला. कुणीतरी चुकून फायली पुसण्याची आज्ञा दिली, तीही चुकीच्या जागी. पडद्यासमोर बसलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत वूडीची, म्हणजे नायक असलेल्या खेळण्यातल्या काउबॉयची, टोपी गेली, मग बूट गेले, मग वूडीच गेला. मशीनची तार ओढेपर्यंत चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला होता. बॅकअप काढायला गेले, तर तो कित्येक दिवस नीट चालतच नव्हता. शेवटी गेलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेला आठवलं की घरी एक प्रत आहे. बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करायच्या. तो कॉम्प्युटर पांघरुणांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला, आणि चित्रपट वाचला.

ही गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळे रंगवून सांगतात. मीही आत्ता सांगितलीच. पण त्यानंतर जे झालं ते फारसं कुणी सांगत नाही. एवढ्या आटापिट्यानं वाचवलेला चित्रपट वर्षाच्या अखेरीला पहिल्या भागाचा दिग्दर्शक जॉन लॅसेटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बसून पाहिला, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा चांगला नाही. प्रदर्शन ठरलेलं नोव्हेंबर १९९९मध्ये. तारीख हलणार नव्हती. त्यांनी गोष्ट पुन्हा लिहायला घेतली आणि सुमारे नऊ महिन्यांत चित्रपट जवळजवळ नव्यानं उभा केला.

बिघडलं काय होतं? खेळणी जमवणारा एक माणूस वूडीला पळवतो. त्याला जपानमधल्या संग्रहालयात पाठवायचं घाटतं. तिथे काचेच्या कपाटात तो कायमचा जपला जाईल. वूडी जपानला जाणार, की अँडीकडे, म्हणजे त्याच्या छोट्या मालकाकडे परतणार? अहो, परतणारच! पहिला भाग पाहिलेल्या कुठल्याही पोराला ते ठाऊक आहे. दुसऱ्या भागाचं खरं दुखणं हे आहे. प्रेक्षक उत्तर खिशात घालूनच आत येतो.

आपल्याकडे कीर्तनकाराची अडचण हीच असते. उत्तररंगात बुवा द्रौपदीचं आख्यान लावतात. वस्त्रं संपणार नाहीत हे पुढे बसलेल्या आजीबाईंना बुवांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. तरी त्या अकरा वाजेपर्यंत उठत नाहीत, आणि द्रौपदीनं हात वर केले की पदर डोळ्यांना लावतात. बुवांनी शेवट बदललेला नसतो. कृष्ण यायच्या आधीचा जो क्षण आहे, तो त्यांनी इतका लांबवलेला असतो की आजी ठाऊक असलेलं सगळं विसरतात.

‘टॉय स्टोरी २’मध्ये तेच केलं. शिट्टी बिघडली म्हणून फळीवर धूळ खात पडलेला एक पेंग्विन सुरुवातीलाच आणला, म्हणजे खराब झालेल्या खेळण्याचं काय होतं ते वूडी आधीच पाहतो. आणि जेसीचं गाणं. जेसी ही बाहुली. तिची मालकीण मोठी होते, बाहुली पलंगाखाली जाते, मग एके दिवशी दान करायच्या खोक्यात. गाणं संपतं तेव्हा जपानला जाणं हा वेडेपणा वाटत नाही, शहाणपणा वाटतो. अँडीसुद्धा मोठा होणारच आहे. शेवट तोच राहिला, पण वूडीला तो निवडावा लागला. माझ्या मते त्या चित्रपटाची सगळी किंमत त्या एका गाण्यात आहे.

या नऊ महिन्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. चित्रपट संपेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश लोकांना मनगटाचं, खांद्याचं काही ना काही दुखणं लागलं होतं. एक कलाकार सकाळी बाळाला पाळणाघरात सोडायला निघाला आणि थकव्याच्या भरात ते गाडीतच राहिलं. उन्हात, पार्किंगमध्ये. बाळ वाचलं. पिक्सारचे माजी प्रमुख एड कॅटमल यांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय. आपल्याकडे अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंमध्ये ‘नाइट मारली’, म्हणजे रात्रभर जागून काम केलं, हे अजून कौतुकानं सांगतात. मीही सांगायचो. आता नाही सांगत.

तारीख न हलवता गोष्ट बदलणं इतकं जिवावर का येतं, ते थोडक्यात सांगतो. सेकंदाला २४ फ्रेम. दीड तासाचे १,२९,६०० फ्रेम. चांगल्या चित्रपटात एक ॲनिमेटर आठवड्याला जेमतेम चार-पाच सेकंद देतो. त्याच्याआधी मॉडेल, रिग म्हणजे ते हलवायचा आतला सांगाडा, लेआउट म्हणजे कॅमेरा कुठे ते ठरवणं, आणि नंतर लायटिंग, रेंडर म्हणजे कॉम्प्युटरकडून पक्की फ्रेम काढून घेणं, कंपोझिटिंग म्हणजे सगळे थर एकत्र जोडणं. स्टोरीबोर्डवर, म्हणजे गोष्ट नुसत्या कच्च्या चित्रांत असताना प्रसंग काढून टाकायला एक खोडरबर पुरतो. तोच प्रसंग लायटिंगला गेल्यावर काढला की पाच खात्यांतल्या माणसांचे महिने केराच्या टोपलीत जातात. म्हणून आम्ही आधी बोर्डांचीच रीळ बनवतो, तात्पुरत्या आवाजात. हे आवाज ऑफिसातलेच असतात. आमच्या अकाउंट्सच्या बाईंनी केलेली चेटकीण पुढे आलेल्या कुठल्याच नटीला जमली नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर ‘हनुमान’चं द्यावं लागेल. २००५ मध्ये व्ही. जी. सामंतांनी तो केला, आणि २००७ मध्ये अनुराग कश्यपनं ‘रिटर्न ऑफ हनुमान’. त्यात हनुमान आजच्या काळात मारुती नावाचा मुलगा होऊन जन्माला येतो, शाळेत जातो. जमलं किती, याबद्दल मतभेद असू शकतात. पण पुढची कथा शोधत न बसता ओळखीचा देव अनोळखी जागी नेऊन ठेवायचा, ही युक्ती मला आवडते. हनुमानाचा ‘पहिला भाग’ आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवरच पाहिलेला असतो ना!

आता काकांच्या मूळ मुद्द्याकडे येतो. "चित्रं काढलेलीच आहेत." ‘टॉय स्टोरी ३’च्या वेळी पिक्सारवाल्यांनी पहिल्या चित्रपटाच्या जुन्या फायली काढल्या. उघडल्या, पण त्यांत काही बदल करता येईना. मॉडेलं पुन्हा पहिल्यापासून बनवावी लागली. दहा-बारा वर्षांत सॉफ्टवेअर इतकं पुढे गेलं होतं. माणसंही तशीच. अँडीला आवाज देणारा मुलगा तोवर मोठा झाला होता, आणि गोष्टीतला अँडीही कॉलेजला निघाला होता, म्हणून तोच आवाज चालून गेला. असा योग क्वचित येतो. स्लिंकी कुत्र्याचा आवाज असलेले जिम व्हार्नी २०००मध्येच गेले होते, तिथे दुसरा नट शोधावा लागला.

आमची गंमत याहून साधी आहे. मी ज्या दुसऱ्या भागावर काम केलं त्याचा नायक घुबडाचं पिल्लू. पहिला भाग डीव्हीडीवर आला होता. स्टुडिओचं नाव सांगत नाही. तिथल्या कपाटातून हार्ड डिस्क निघाल्या, त्यांतली एक पावसाळ्याच्या ओलीनं कायमची गेलेली. दुसरीतून पिल्लू उघडलं, पण राखाडी. अंगावर एकही रंग नाही. सगळ्या टेक्श्चरचा, म्हणजे अंगावर चढवायच्या रंग-पोताच्या फायलींचा पत्ता एका जुन्या सर्व्हरवरच्या ड्राइव्हचा होता आणि तो सर्व्हर कधीच भंगारात गेला होता. रिग उघडलं की प्रोग्राम बंद पडायचा. ज्यानं ते बनवलं तो मुलगा परदेशी गेलेला. त्यानं फोनवर प्रामाणिकपणे सांगितलं, "मलाही आठवत नाही हो दादा."

मग आम्ही डीव्हीडी थांबवून थांबवून पिल्लू नव्यानं बनवलं. सुरेख झालं. पिसं मोजून बसवलेली, डोळे पाणीदार, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. दिग्दर्शक खूश, निर्माते खूश. एका सहकाऱ्याची मुलगी सुट्टीत ऑफिसात आली होती. पहिला भाग तिनं इतक्या वेळा पाहिला होता की डीव्हीडीवर चरे पडले होते. तिला कौतुकानं नवं पिल्लू दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हा तो नाही. हा त्याचा भाऊ."

का, ते तिला सांगता येईना. आम्ही पुन्हा डीव्हीडी लावली. दुपार गेली, तेव्हा सापडलं. जुन्या पिल्लानं मान वळवली की डोक्यावरचं डावीकडचं एक पीस अर्धा क्षण उशिरा वळायचं आणि ताठ उभं राहायचं. जुन्या टीममधल्या एकाला विचारलं. तो हसायलाच लागला. ती रिगिंगमधली चूक होती. दुरुस्त करायला तेव्हा वेळच मिळाला नव्हता.

नव्या रिगमध्ये तीच चूक मुद्दाम बसवायला आम्हाला चार दिवस लागले.