रस्त्याखालचे ११ हजार व्होल्ट

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत समोरासमोरच्या गॅलऱ्या जवळजवळ एकमेकींना भिडतात. ११ हजार व्होल्टच्या उघड्या तारेला इमारतीपासून आडवं निदान १.२ मीटर अंतर लागतं. इथं ते आणायचं कुठून? अशा दाट वस्तीत वीज न्यायची ती जमिनीखालूनच.

पण घरात लागतात २३० व्होल्ट, मग गल्लीपर्यंत ११ हजार कशाला? व्होल्टेज चढवलं की तेवढ्याच विजेला करंट कमी लागतो. ट्रान्सफॉर्मरनंतरच्या ४३३ व्होल्टच्या मानानं तो पंचविसाव्या हिश्श्यावर येतो आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज सहाशेव्या हिश्श्याच्याही खाली जाते.

केबल साधारण ९० सेंटिमीटर खोल, वाळूत, वर विटांचा थर. आत ॲल्युमिनियमच्या तीन कोअर, प्रत्येकीवर एक्सएलपीई या प्लास्टिकचं इन्सुलेशन, बाहेरून पोलादी पट्ट्यांचं आर्मर. जेसीबीच्या दातापुढे तेही टिकत नाही. केबलचा नकाशा न मागता रस्ता खोदायला घेणं हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

केबल तुटली की सगळी भिस्त जॉइंटरवर, म्हणजे केबल जोडणाऱ्या कारागिरावर. खड्ड्यात बसून तो इन्सुलेशनवरचा काळा अर्धवाहक थर सोलतो. पातं जरा खोल गेलं तर ओरखड्यात हवा अडकते. मग त्या पोकळीत बारीक ठिणग्या पडत राहतात, इन्सुलेशन आतून पोखरलं जातं. असा जॉइंट आज चालतो आणि काही महिन्यांनी फुटतो. म्हणून वर उभी माणसं ‘लाइट कधी येणार?’ म्हणून कितीही विचारोत, त्याचा हात घाई करत नाही. पॉलिश पेपरनं घासणं, मग पुसणं, तेही इन्सुलेशनकडून काळ्या थराकडे. उलट कधीच नाही, नाहीतर काळी भुकटी इन्सुलेशनवर पसरते. शेवटी उष्णतेनं आकसणारी नळी चढवून ती गॅसच्या ज्योतीनं मधून कडेकडे आवळत न्यायची, म्हणजे आत हवा उरत नाही.

तोवर सगळा भाग अंधारात बसेलच असं नाही. जिथं फीडरची, म्हणजे वीज आणणाऱ्या मुख्य लाइनची, रिंग केलेली असते, तिथं रस्त्याकडेच्या आरएमयू (रिंग मेन युनिट) या स्विचच्या पेटीतून बिघडलेला तुकडा दोन्ही बाजूंनी तोडतात आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूनं वीज देतात.

कोल्हापुरात या पेटीची उंची फार महत्त्वाची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखालच्या भागांचा पुरवठा बंद ठेवावा लागला. धडधाकट केबल पाण्यात तग धरते; पेटीतलं कंट्रोल वायरिंग आणि केबलची टोकं मात्र भिजून चालत नाहीत. पंचगंगेच्या बाजूला नवी पेटी बसवताना आधी त्या दोन वर्षांच्या पाण्याची पातळी बघावी, मगच चौथरा बांधावा.