बिलावर आकडा छापा

(अमळनेर येथे एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'क्रेडिट कार्डधारकाचे हक्क'. हक्कांकडे येतोच. पण अमळनेरात चक्रवाढीवर बोलायचं म्हणजे धाडसच. 1945 साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली, आणि शेअरचे कागद पेटीत ठेवून विसरलेली माणसं कोट्यधीश झाली. ज्यांच्या आजोबांनी ते शेअर मुलीच्या लग्नात विकले, अशीही घरं इथे असतील. त्यांच्याकडे मी आज बघत नाही. (हशा) पैशाला पैसा कसा लागत जातो, हे या गावाला शिकवायला नको. कार्डातही तेच चालतं, फक्त पेटी बँकेची असते.

आता आमचे साडूभाऊ. भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त. आयुष्यात किराण्याची उधारी महिन्यापलीकडे नेली नाही असा माणूस. त्यांना एका दुकानात टेबल टाकून बसलेल्या पोरानं 'लाइफटाइम फ्री' कार्ड दिलं. मे महिना, भुसावळचं ऊन. साडूभाऊंनी त्या कार्डावर 40,000चा एसी घेतला. त्यात काही वावगं नाही. मे महिन्यात भुसावळात एसीला चैन म्हणणारा माणूस पुण्याचा असतो.

पहिलं बिल आलं. त्यावर दोन रकमा. एकूण देय 40,000, किमान देय त्याच्या पाच टक्के, 2,000. साडूभाऊंनी 2,000भोवती लाल बॉलपेननं गोल केला, तारखेच्या चार दिवस आधी भरणा केला, पावती बिलाला टाचली. पुढच्या महिन्यात तसंच. त्यांच्या लेखी तो हप्ता होता! कार्डाला परत हात लावला नाही, एकही तारीख चुकवली नाही. बँकेतून एका मुलीचा फोन यायचा, "सर, तुमचा रेकॉर्ड फार चांगला आहे, लिमिट वाढवून देऊ का?" हे कौतुक त्यांनी पुतण्याच्या लग्नात, वरण-बट्टीच्या पंगतीत, सगळ्यांना ऐकवलं. मी शेजारीच होतो. बँकेत हयात घालवलेला माणूस, म्हटलं जरा बिलं दाखवा. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाईलच आणली. रेल्वेची शिस्त, एक कागद मागेपुढे नाही.

दोन वर्षांत त्यांनी 42,000च्या वर भरले होते आणि बाकी दिसत होती जवळजवळ 31,000. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "माले तं फुकट सांगितलं व्हतं भो!" कार्ड फुकटच होतं. वार्षिक फी खरोखरच एक रुपया लागली नव्हती.

मोटामोटी फोड सांगतो. दरमहा साडेतीन टक्के व्याज, व्याजावर 18 टक्के जीएसटी. 2,000 भरल्यावर उरले 38,000. त्यावर महिन्याचं व्याज 1,330, जीएसटी 239. म्हणजे पुढच्या महिन्याला भरलेल्या जेमतेम दोन हजारांतून मुद्दल फिटली चारशेच्या आसपास. असंच पाच-पाच टक्के भरत राहिलात तर कर्ज निम्म्यावर यायला पाच वर्षं चार महिने लागतात. तोवर तुम्ही 92,000च्या वर भरलेले असतात आणि वीस हजार देणं बाकीच असतं. तेवढ्यात एसीचा कॉम्प्रेसर जातो.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बिलावर एक वाक्य छापतात: फक्त किमान रक्कम भरल्यास परतफेड काही महिने किंवा वर्षं लांबेल. वाक्य खरं आहे. पण 'महिने किंवा वर्षं' वाचून कुणाच्या पोटात गोळा येतो? अमेरिकेनं 2009 साली कार्डांचा कायदा केला, तेव्हा प्रत्येक बिलावर त्या माणसाचाच आकडा छापायला लावला: किमान रक्कम भरत गेलात तर अमुक वर्षं लागतील, एकूण तमुक डॉलर जातील, आणि 36 महिन्यांत मोकळं व्हायचं असेल तर महिन्याला इतके भरा. आपल्या बँकांची संगणक प्रणाली तुमचं व्याज पैशापर्यंत काढते, तिला हे काढता येत नाही असं कुणी मला सांगू नये. माझी मागणी एवढीच आहे, गेली कित्येक वर्षं तीच आहे. घरचे कंटाळले, म्हणून तुमच्याकडे आलो.

व्याजदरालाच चाप लावावा, असं काही जण म्हणतील. 2008 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं वर्षाला 30 टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं 20 डिसेंबर 2024 रोजी तो निकाल रद्द केला. म्हणून आकड्यावर माझा एवढा जोर.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत, म्हणजे तीन. आता हक्क, भराभर.

रिझर्व्ह बँकेचे निर्देश लक्षात ठेवा. न मागता कार्ड दिलं, तुमच्या संमतीशिवाय चालू केलं आणि बिल लावलं, तर आकार परत करून वर त्याच्या दुप्पट दंड बँकेनं तुम्हाला द्यायचा. लिमिट वाढवायलाही तुमची स्पष्ट संमती लागते. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकाली निघाला पाहिजे. पुढे रोजचे 500 रुपये तुमचे. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय विलंब शुल्क नाही, आणि तेही थकलेल्या रकमेवरच. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर नाहीत. आणि मागची बाकी ठेवलीत की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. हा हक्क नव्हे, पण साडूभाऊंसारख्या सगळ्यांना सांगा.

तक्रार आधी बँकेकडे, लेखी, क्रमांक घेऊन. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. साडूभाऊंनी बाकीचे पैसे मुदत ठेव मोडून एकरकमी भरले आणि कार्ड बंद करायचा अर्ज दिला. आठव्या दिवशी त्या मुलीचा परत फोन, "सर, कार्ड का बंद करताय?" त्यांनी तिला एसीची किंमत विचारायला लावली.